टाकीखालची साखळी

मित्रांनो, मी एक जुनी साखळी आहो, पेट्रोल वाहून नेणाऱ्या टाकीच्या मोटारीखाली लोंबणारी. आज माह्या जिवाले चैन नाही, म्हणून घाईघाईनं सांगून राहिली. ऐका.

अकोल्याच्या एका लोहारानं मले घडवलं अन् रहीमभाईच्या मोटारीच्या बुडाले अडकवलं. मोटारीचे चाकं रबराचे. टाकीत पेट्रोल हिंदकळलं की मोटारीवर बिजली चढते, अन् रबर तिले जमिनीत उतरू देत नाही. उतरवणारी मी! नाही उतरवली, तर झाकण उघडताना एक ठिणगी, अन् रहीमभाई खल्लास.

पण काम लय मज्याचं. अमरावतीपर्यंत खणखण करत जावं, झोपलेल्या कुत्र्यायले उठवावं. लोक म्हणत, "आली पाहा रहीमभाईची नवरी, पैंजण वाजवत!" मंग मी अजूनच जोरानं वाजायची.

एका वैशाखात मूर्तिजापुरात वांगेवाल्या नत्थुजीचे बैल मले बुजले. गाडी कलंडली, वांगे रस्ताभर. तवापासून नत्थुजी माह्यावर खार खाऊन होता. आठ दिवसांनी अमरावतीले जायचं म्हणून तो आमच्या मोटारीत बसाले आला. रहीमभाई चहा पिऊन राहिला होता, तेवढ्यात यानं मले सुतळीनं वर बांधून टाकलं.

रस्ताभर बिजली चढून राहिली अन् मी तडफडून राहिली. बोंबलू कशी?

अमरावतीच्या पंपावर तिथले मालक केशवराव पाइप घेऊन उभेच होते. "उघड ना लवकर, रहीम! गिऱ्हाईक खोळंबलं."

रहीमभाईनं खाली उडी मारली अन् झाकणाकडं निघाला. नत्थुजीले हसू आवरेना. "काहून रहीमभाई, नवरी रुसली काय आज? मुकीच झाली!"

रहीमभाईचा हात हवेतच थांबला. "नत्थुजी, सच बोलो. क्या किया?"

"म्या बांधली. माह्ये बैल बुजवते ना!"

"या अल्ला! केशवराव, दूर हटो!"

त्यानं वाकून सुतळी कापली. मी खाली पडली, अन् जमिनीले टेकता टेकता चट्! निळी ठिणगी. झाकण बंद होतं म्हणून निभावलं.

नत्थुजीनं वर टाकीकडं पाह्यलं. "हे... हे वर टाकीजवळ उडालं असतं तर?"

"तर हमारे साथ तुम भी उडते, अन् तुमचे वांगेही."

त्याले आता लय वर्षं झाले. रस्त्यानं मले घासून घासून खाल्लं. शेवटच्या तीन कड्या कुठं गळाल्या, मलेही ठाव नाही. मी आता जमिनीच्या बोटभर वर लोंबकळून राहिली. तरी वाजते, कारण हिसक्यासरशी बुडाच्या लोखंडावर आपटते. त्या दिवसापासून रहीमभाई कान देऊन तो आवाज ऐकते अन् बिनघोर मोटार हाकते.

आत्ताच मूर्तिजापूर सुटलं. टाकी गच्च भरली आहे. मित्रांनो, नुसत्या आवाजावर जाऊ नका. पंप यायच्या आत कोनी तरी वाका रे, खाली पाहा, अन् त्याले थांबवा!