मेन स्विचपाशी

अपेक्षानं रामाजींना मेन स्विचपाशी उभं केलं आणि खटका खाली ओढला. पंखा मंदावत मंदावत थांबला.

"बाबा, मी खाली उतरेपर्यंत इथून हलायचं नाही. बेल वाजली तरी नाही."

"मले सांगून राहिली काय वं?" सासरे हसले. "मौद्याच्या पॉवर प्लांटात हेच तर केलं. वर माणूस असला की खालचा पाणी बी पेत नाही."

हॉलमधला छताचा दिवा कधीचाच गेला होता. इलेक्ट्रिशियन रोज फोनवर 'आलोच' म्हणायचा आणि त्याचं हे येणं काही त्यांच्या नंदनवन वस्तीपर्यंत पोचायचं नाही. नवरा, सुशील, संत्र्यांच्या सौद्यासाठी काटोलला गेलेला. शेवटी अपेक्षानंच नवा दिवा आणला. बटन वर आहे की खाली, हे बंद पडलेल्या दिव्याच्या बाबतीत कोण बघतं? तिनंही पाहिलं नाही. मेन बंद आहे ना, मग झालं.

रामाजींना अलीकडे विसर पडायला लागला होता. एकदा गॅस चालू राहिला. एकदा दूध आणायला गेले ते भलत्याच गल्लीत सापडले. मग घरानं, कुणी काही न बोलता, त्यांच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली. आधी स्कूटरची किल्ली, मग गॅसचा लायटर, मग बाजाराची पिशवी. आज कितीतरी दिवसांनी त्यांना कुणी काम सांगितलं होतं. त्यासाठी त्यांनी पायजमा बदलून पँट घातली, शर्ट आत खोचला. ते पाहून अपेक्षाला हसू आलं होतं, आणि खूप बरंही वाटलं होतं.

तिनं शिडीवर चढून जुन्या दिव्याचं झाकण काढलं. वायरला हात लावण्याआधी टेस्टर टेकवला. टेस्टर पेटला.

शिडी घट्ट धरून ती ओरडली, "बाबा! चालू केलं काय तुम्ही? करंट येऊन राहिला ना वर!"

"नाही वं. बंदच तर आहे."

तिनं खाली पाहिलं. खटका खालीच होता.

"मग आत्ता परत बंद केलं असंल, मी ओरडले म्हणून. आठवून पहा ना. मी मेले असते बाबा!"

रामाजींनी खटक्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या हाताकडे.

"केलं असंन," ते हळूच म्हणाले.

अपेक्षा तणतणत खाली उतरली. पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघराकडे वळली आणि थबकली. बाल्कनीतला इन्व्हर्टर घूं घूं करत होता. गेल्या उन्हाळ्यात तिनंच बसवून घेतला होता. हॉलचा दिवा त्याच्यावर जोडायलाही तिनंच सांगितलं होतं. मेन बंद झाला की तो आपोआप चालू होणार, ही साधी गोष्ट साफ डोक्यातून गेली होती. विसरली ती होती.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती धावतच परत आली.

"बाबा, इन्व्हर्टर होता! माझी चूक. तुम्ही हातच नव्हता लावला."

"असू दे वं."

"असू दे काय? चला, दाखवते."

तिनं त्यांना बाल्कनीत नेलं, इन्व्हर्टर बंद केला, मग त्यांच्यादेखत शिडीवर चढून टेस्टर टेकवला. नाही पेटला. रामाजींनी मान डोलावली. त्यांना सगळं समजत होतं.

"बरोबर. त्याचाच करंट असंन. पण मी बी लावला होता हात. आता मले चांगलं आठवून राहिलं."

"नाही हो बाबा!"

"माह्यासाठी कायले खोटं बोलून राहिली वं पोरी," ते मायेनं म्हणाले. "मीच खटका वर केला, तू ओरडली तसा खाली केला. असंच झालं."

आपण तोंडातून काढलेलं वाक्य त्यांच्या आठवणीत जाऊन बसलंय, हे अपेक्षाला कळलं. ते परत कसं काढायचं, ते मात्र कळेना. तिनं वायरी जोडल्या, स्क्रू आवळले, नवा दिवा बसवला. रामाजी खालून शिडी धरून होते. मेन स्विचपाशी उभे राहा असं ती पुन्हा म्हणाली, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. नाही म्हणून.

संध्याकाळी ती कणीक मळत होती. हॉलमध्ये अंधार दाटला होता.

"अपेक्षा," बाहेरून हाक आली. "लाइट लावू काय वं?"

तिचे हात परातीतच थांबले.

"लावा ना बाबा. विचारता काय?"

बटन दाबल्याचा आवाज आला नाही.

"तू ये इकडं," रामाजी म्हणाले. "तू पाहून राहिली की मग दाबतो."