फक्त नर

प्रयोगशाळेतला मदतनीस बेडकाचा अंगठा चाचपून हंगाम सांगायचा. अंगठ्याच्या बुडाशी खरखरीत गादी फुगली असेल, तर नर विणीला तयार. गादी बसली की समजायचं, आतली वृषणंही आक्रसली, गडी आता थंड. मग संशोधन करणाऱ्या मॅडम बेडूक कापून वृषणांचं वजन करायच्या आणि त्याचं म्हणणं खरं निघायचं. नऊ वर्षांत तो एकदाही चुकला नव्हता, आणि या गोष्टीचा त्याला नको तेवढा अभिमान होता.

लग्नालाही नऊच वर्षं झाली होती. मूल नव्हतं. बायकोच्या तपासण्यांच्या दोन जाडजूड फायली झाल्या होत्या आणि सोमवारी तिच्या पोटात दुर्बीण घालणार होते. डॉक्टरांनी तीनदा नवऱ्याची तपासणी सांगितली होती. तीनदा तो ‘पुढच्या महिन्यात’ म्हणाला होता, आणि त्याच्या आईने ‘आमच्याकडच्या पुरुषांत काही नसतं’ म्हणून विषय मिटवला होता.

शनिवारी बायको दवाखान्याची पिशवी भरत होती.

“तुमच्याकडे बेडकी नाही का हो आणत तपासायला?”

“नाही. फक्त नर.”

“ते का?”

“मॅडम म्हणतात, मादीवर सगळेच काम करतात. नराकडे कुणी बघतच नाही.”

“शहाणी बाई आहे,” बायको म्हणाली आणि टॉवेलची घडी घातली.

त्याला त्या रात्री झोप लागली नाही. खरं सांगायचं तर तो घाबरला होता, नऊ वर्षं घाबरलेलाच होता. सोमवारी दवाखान्याच्या खिडकीशी तो बायकोच्या पुढे जाऊन उभा राहिला. “आधी माझी तपासणी करा. हिचं नंतर बघू.”

गुरुवारी अहवाल आला. तो त्याने घरी उभ्यानेच वाचून दाखवला. बायकोच्या दोन फायलींत काही सापडलं नव्हतं. जे होतं ते त्याच्यात होतं.

आईला मार्ग सुचला. “थंडीचे दिवस आहेत. तुझ्या त्या बेडकांचंही थंडीत असंच होतं ना?”

“माणसाला हंगाम नसतो, आई. दोष माझ्यात आहे.”

“हळू बोल!” आईने लगबगीने उठून शेजाऱ्यांच्या बाजूची खिडकी लावून घेतली.

बायको उठली, खिडकीपाशी गेली आणि दोन्ही दारं सताड उघडून त्याला म्हणाली, “हं. आता परत सांगा.”