एका मुहूर्ताला एकच वऱ्हाड

“एकतीस वर्षं मंडप सांभाळतोय मी. एका मुहूर्ताला दोन वऱ्हाडं माझ्या दारात कधी उभी राहिली नाहीत,” आमचे हे नर्सला म्हणाले, आणि शेजारच्या खाटेकडे बोट दाखवून विचारलं, “मग हा कुठल्या पार्टीचा नवरामुलगा?”

शेजारच्या खाटेवर पापनाशम गावचे पंच्याहत्तरीचे आजोबा नाकात नळी घालून झोपले होते.

नर्स अलमेलुला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. एरवी दिवसभर तमिळ बोलणारे हे, आजारी पडल्यापासून नुसतं घरचं मराठी बोलत होते. तिनं माझ्याकडे पाहिलं.

“तुम्ही फार मेहनत घेता म्हणतायत,” मी तिला तमिळमध्ये सांगितलं.

ती लाजली. तेवढ्यात ह्यांनी सलाइनची सुई उपसून टाकली आणि खाटेवरून उतरायला लागले. पंगत बसायची वेळ झाली आणि अजून केळीची पानं मांडली नव्हती, म्हणून. चौघांनी धरलं तेव्हा बसले.

हनुमंतराव, म्हणजे आमचे हे, तिरुवैयारु रस्त्यावरच्या लग्नमंडपाचे मॅनेजर. पंदलच्या, म्हणजे दारातल्या मांडवाच्या, खांबाचा गंजका खिळा तळपायात गेला. त्यावर हळद दाबून तीन लग्नं पार पाडली, चौथ्या लग्नात स्वतःच आडवे झाले. जंतू रक्तात पसरले होते. ते मला कळलं. पण खिळा पायात आणि गोंधळ डोक्यात, हे काही केल्या पटेना.

“मामी, शरीर जंतूंशी लढतंय ना, त्या लढाईची आग रक्तातून मेंदूपर्यंत जाते,” डॉक्टर रम्या म्हणाली. “जंतू डोक्यात गेलेले नाहीत. पण मेंदू होरपळतो, भलतंच बघतो, भलतंच बोलतो. हे वेड नव्हे. जंतू आटोक्यात आले की निवळेल. मात्र विसरणं, लक्ष न लागणं, हे काही महिने राहतं. कधीकधी थोडं कायमचंही राहतं.”

“थोडं म्हणजे किती गं?”

“ते आज नाही सांगता येत. त्यांचा चष्मा आणा, घरचं कॅलेंडर आणा. रोज वार सांगा, गाव सांगा. तुमचा आवाज ओळखीचा आहे, तेच मोठं औषध.”

मी रोज एक पान फाडायचं ते कॅलेंडर नेलं. कॉफी पिऊन येते तो ह्यांनी चार महिने फाडून ठेवलेले, आणि अलमेलुला सांगत होते की आवणी महिन्यातले चांगले मुहूर्त सगळे संपले, उगाच वशिला आणू नका. पण हे तमिळमध्ये सांगत होते.

“बरे होतायत,” रम्या म्हणाली.

एकोणीस दिवसांनी घरी आले. एका सकाळी तीनदा कॉफी मागायचे आणि तिन्ही वेळा “आज उशीर झाला हं” म्हणायचे. मुलगी विनुता, हिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र तमिळमध्येच देते. ती म्हणाली, अप्पांना आता घरीच बसवू या. हे ऐकून ह्यांनी लगेच सदरा घातला.

दोन महिन्यांनी कामावर गेले, आणि आवणीच्या पहिल्याच मुहूर्ताला मंडपाच्या दारात दोन बसगाड्या. एक पापनाशमची, एक कुंभकोणमची, आणि तारीख दोघांनाही ह्यांनीच दिलेली. दोन नवऱ्या, दोन भटजी, दोन नादस्वरम, आणि वाजवणारे एकमेकांना हरवायच्या ईर्षेनं फुगलेले. शेवटी एक लग्न स्टेजवर लागलं, एक जेवणाच्या हॉलमध्ये. कुंभकोणमच्या एका आत्याबाईंनी दोन्ही जोड्यांना आशीर्वाद दिला आणि दोन्ही पंगतींना जेवल्या. लग्न फार छान झालं म्हणाल्या.

ट्रस्टी बाळकृष्णराव एकाही पंगतीला बसले नाहीत.

“हनुमंतराव, पुढच्या लग्नात एक जरी चूक झाली तर किल्ल्या सुरेंद्रकडे द्या,” ते म्हणाले. सुरेंद्र म्हणजे त्यांचा भाचा. त्याच्याकडे कॉम्प्युटर होता.

हे घरी आले. मग किल्ल्यांचा जुडगा हातात धरून म्हणाले, “अगे राजलक्ष्मी, ह्या गेल्या तर सकाळी उठून मी जाऊ कुठं?”

मी कॉफीचा पेला पुढे केला.

“आणि तू त्या दिवशी मंडपात येऊ नको. बायको मागं फिरते म्हणून लोक हसतील.”

“नाही येत,” मी म्हटलं.

अर्थात मी गेलेच. तोंडावर पदर ओढून नवरीच्या बाजूनं घुसले, खांबाआड उभी राहिले. ह्यांनी वही सुतळीनं गळ्यात बांधलेली. एकेक काम करत, टिक करत. पानं बरोबर, पाणी बरोबर, भटजी एकच. मला एकच चूक सापडली. दारात चंदनाची वाटी नव्हती. घाईनं दुसरी नेऊन ठेवली, तर पहिली दाराच्या पलीकडच्या बाजूला होती. पाहुण्यांना दोनदा गंध लागलं. म्हणजे ती चूकसुद्धा माझीच.

तीन वाजता वऱ्हाड गेलं. मी तेव्हा वरच्या कोठीत उश्या मोजत होते, वहीतल्या आकड्यावर माझा भरवसा नव्हता. उश्या बरोबर होत्या. खालून बाळकृष्णरावांचा आवाज आला, “किल्ल्या तुमच्याकडेच राहू देत. सुरेंद्रला दुसरं काहीतरी बघू.”

मला तिथेच नाचावंसं वाटलं. मग पावलं जिना चढू लागली. एकतीस वर्षं हे प्रत्येक दाराशी थांबून हाक देतात, तशी दिली. “कोण आहे का आत? कुलूप लावतोय.”

माझ्याही दाराशी दिली. मागं ट्रस्टी उभे. आत्ता ओ दिली तर झालेलं सगळं बायकोनं करून घेतलं असं होणार. मी श्वास धरून उश्यांमागे बसले. कोठीच्या दाराला कुलूप नव्हतंच, नुसती कडी, ती फटीतून उघडता येते. आणि स्वयंपाकघराचं मागचं दार तर आजारपणापासून हे रोज विसरायचे. तिथून निघून जाऊ, असा माझा हिशोब.

ते दार आज हे विसरले नव्हते. मी ओढून पाहिलं. कुलूप पक्कं. बाकीची सगळी दारंही. खिडकीच्या गजातून पाहिलं तर हे ट्रस्टींच्या गाडीत पुढे बसून चालले होते, ताठ.

अर्धा तास उश्यांवर बसून राहिले. घरी पोचले असतील असं वाटलं तेव्हा फोन लावला.

“अहो, मी बोलतेय. मंडपात आहे.”

“राजलक्ष्मी घरी नाही, कुठं गेलीय कळत नाही,” ते म्हणाले. “मंडपाचं काम असेल तर उद्या सकाळी दहाला या. किल्ल्या माझ्याकडेच असतात.”

आणि फोन ठेवला.