आत्याचा आशीर्वाद

कुणी उठल्या उठल्या देवाला हात जोडतं, कुणी दूध नासलं नाही ना ते बघतं. नगरजवळच्या केडगावात दोन खोल्यांत एकटी राहणारी डॉक्टर सुकन्या गॅसवर चहा ठेवायची आणि आपले सायटेशन किती झाले ते लॅपटॉपवर बघायची. सायटेशन म्हणजे काय, हे एकदा तिने आपल्या थोरल्या भावाला, वैजनाथला, समजावून सांगितलं होतं. आपल्या शोधनिबंधाचा आधार जगात कुणी त्याच्या लेखात घेतला, की ते एक सायटेशन. जितके जास्त, तितका विद्वानांत मान. वैजनाथने मान डोलावली आणि विचारलं, “मंजी लोकं तुझं नाव घेत्यात. ब्येस हाय. पन मंग पुढं काय हुतं?” यावर ती नुसती हसली होती.

तिचा विषय होता ऊसतोड कामगारांच्या मुलींची बाललग्नं आणि त्यातून कोवळ्या वयात येणारी बाळंतपणं. पाथर्डी तालुक्यातल्या स्वतःच्याच गावच्या आसपास ती वर्षानुवर्षं दारोदार हिंडली होती. आईबाप सहा महिने कारखान्यावर जातात, वयात आलेली पोर मागे कुणाच्या भरवशावर ठेवायची या धास्तीने तिला उजवून टाकतात, हे तिने आकड्यांनिशी मांडलं. तो निबंध गाजला. चार हजारांवर संशोधकांनी त्याचा आधार घेतला. परदेशातल्या परिषदांत तिच्यासाठी खुर्ची राखून ठेवलेली असे. गावाच्या लेखी मात्र ती सुई न टोचणारी डॉक्टरीण.

या सगळ्यात तिचं लग्न राहून गेलं. आईवडील, रंगुबाई आणि कारभारी, पाठोपाठ गेले. आईबाप गेल्यावर बाईचं माहेर म्हणजे भाऊ, आणि सुकन्येला तर सासरही नव्हतं. भाऊबीजेला, ऊसतोडीला निघायच्या आधी, वैजनाथच्या दारात पाट मांडलेला असायचा, वहिनी रेश्मा तिच्या आवडीचं पिठलं करायची, भाची दिशा आत्याच्या कुशीत झोपायची. वर्षातून तेवढे दोन दिवस तिला कुणीतरी नावाने हाक मारून उठवी. बाकीचे दिवस कसे जात, ते तिचं तिला ठाऊक.

म्हणून दसरा होऊन चार-आठ दिवस झाल्यावर वैजनाथचा फोन आला, तेव्हा ती आधी आनंदली आणि मग चपापली. “दिशाचा साखरपुडा हाय आयतवारी. नुसता साखरपुडा. लगीन अठरा भरल्याबिगर न्हाई, तुझी आन घिऊन सांगतो.” दिशा पंधराची, दहावीत. साखरपुड्याला बोलवायचं आणि त्याच मांडवात लग्न उरकायचं, ही रीत सुकन्येला ठाऊक नव्हती असं नाही. तिच्या निबंधात त्यावर अख्खं पान होतं. परक्याच्या घरी सांगितलेलं वय जिने कधी खरं धरलं नाही, तिने भावाचा शब्द मात्र खरा धरला. एकुलतं एक माहेर कोण तपासून बघतं?

रविवारी ती नगरहून एसटीने गावी पोचली. मांडव घातलेला, कर्णा वाजत होता, मागच्या अंगाला चुलवणावर बुंदी पडत होती. ती थेट आतल्या खोलीत गेली. दिशा भिंतीला टेकून बसली होती. तिच्या गालांना, हातापायांना हळद होती. साखरपुड्याला कुणी हळद लावत नाही.

“दिशा, हे काय गं?”

पोरीने मान वर केली. “बाबा म्हनले, आत्याला समदं ठाव हाय. आत्याच आशीर्वाद देनार हाय.” आणि मग हळूच, “तुला ठाव न्हवतं?”

 सुकन्या तशीच मागच्या दाराने चुलवणापाशी गेली आणि वैजनाथला बाजूला ओढलं.

“दादा, माझी आन घेतली होतीस तू.”

वैजनाथने इकडेतिकडे पाहिलं. “वरडू नगं. सोयरे बसल्यात. हे बघ, हुंडा न्हाई, मानपान न्हाई, साखरपुड्यातच लगीन. आदर्श विवाह हाय. घराणं चांगलं हाय, आन त्यांनी सोयरीक आपल्यात का केली ठाव हाय? तुझ्यामुळं. पेपरात तुझं नाव आलं हुतं ना, ते त्यांनी वाचलं. पोरीची आत्या येवढी मोठी, मंजी घर शिकल्यालं.”

तिला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. पण तो चांगला सरळ बोलत होता. जो निबंध तिने बालविवाहाविरुद्ध लिहिला, त्याच्याच नावलौकिकावर तिच्या सख्ख्या भाचीची सोयरीक जमली होती.

“तिला शाळेत जायचंय, दादा.”

“आन ऱ्हायाचं कुटं? औंदा दिवाळीआधीच, चार दिवसांनी ऊसतोडीची टोळी निघती. आमी दोघं फडावर, घरात कुनी न्हाई. मागच्या साली आईबाप फडावर असताना त्या शेजारच्या आरतीचं काय झालं, बघितलंस ना? तूच लिवलंय म्हनत्यात, बाप का भेतो त्ये. मंग आता मला इचारतीस?” त्याचा आवाज खाली आला. “दोन सालामागं पोरगी म्हनली हुती, मी आत्याकडं ऱ्हाऊन शिकते. तू काय म्हनलीस? आत्ता न्हाई, लई कामं हायेत, पुढच्या साली बघू.”

 तेव्हा सुकन्या नव्या निबंधाच्या दुरुस्त्या करत होती.

“आज नेते मी तिला. आत्ता.”

“आता अक्षता वाटून झाल्यात. सोयऱ्याला काय तोंड दाखवू?” तो हात जोडून म्हणाला, “सुकन्या, येवढा एक डाव गप ऱ्हा. तुझ्याबिगर मला तरी कोन हाय?”

 खोटं कशाला सांगा, क्षणभर तिला वाटलं, गप्प बसावं. जेवावं, पाटावर बसावं, पुढच्या भाऊबीजेला पुन्हा यावं. एका पोरीने तिच्या आकड्यांत असा काय फरक पडणार होता? हा विचार मनात आला आणि तिला स्वतःची शिसारी आली. गोठ्यामागे जाऊन तिने दहा अठ्ठ्याण्णवला, मुलांच्या मदतीच्या नंबरावर, फोन लावला, गावाचं नाव सांगितलं, नवरीचं वय सांगितलं, स्वतःचं नाव सांगितलं. पलीकडची बाई म्हणाली, “पोलिसांना घेऊन माणसं लगेच निघतील, पण पोचायला वेळ लागेल.”

मांडवात दिशाला आणून पाटावर उभं केलं होतं. दोघांनी अंतरपाट धरला होता. लग्नाची निवेदनं करणारा अमृत माईकवर रंगात आला होता. “आता शुभाशीर्वाद देतील नवरीच्या आत्या, जगातल्या चार हजार शास्त्रज्ञांनी ज्यांचं नाव घेतलं, अशा आपल्या तालुक्याची शान, डॉक्टर सुकन्याताई! त्यांचा सत्कार वरपिता हनुमंतराव करतील.” टाळ्या पडल्या. हनुमंतराव शाल उलगडून उभे.

सुकन्येने शाल अंगावर पडू दिली नाही. माईक हातात घेतला. परिषदांत ती न अडखळता इंग्रजी बोलायची, इथे तिच्या तोंडून लहानपणची बोली निघाली.

“मी आशीर्वाद देनार न्हाई. ही पोर पंधरा सालाची हाय. हे लगीन मला मान्य न्हाई. पोलिसांना फोन मीच केलाय, दुसऱ्या कुनावर आळ घिऊ नका.”

मांडव एकदम पेटला. अमृतने कर्णा बंद केला. हनुमंतराव ओरडले, “आवो, तुमच्याकडं बघून तर आमी सोयरीक केली!” कुणीतरी म्हणालं, “गुरुजी, म्हना लवकर, त्ये यायच्या आत उरका.” तेव्हा सुकन्या चालत गेली आणि दिशाच्या पाटापाशी खाली बसली. पोरीचा हळदीचा हात दोन्ही हातांनी धरला. बायकांनी ओढलं, बांगड्या फुटल्या, कुणी तिच्या सात पिढ्या उद्धरल्या. “सोताचं झालं न्हाई, दुसऱ्याचं कसं बघवंल!” असंही एक बाई म्हणाली, आणि ते तिला सगळ्यात खोल लागलं. पण तिने हात सोडला नाही. गुरुजींनी पोलिसांचं नाव ऐकून हळूच पंचांग पिशवीत घातलं.

पोलिसांची जीप आली तेव्हा पाहुणे मांडवातून उठले होते. बरेचसे पंगतीत बसून बुंदी खात होते. अन्नावर कोण रागावतो?

दुसऱ्या दिवशी नगरला बालकल्याण समितीपुढे सगळे उभे राहिले. वैजनाथने लिहून दिलं की अठरा भरेपर्यंत लग्न करणार नाही. मुलगी कोण सांभाळणार, असं विचारल्यावर तो जमिनीकडे बघत म्हणाला, “जिनं मोडलं, तिनं संभाळावं.” सुकन्येने सही केली. रेश्मा लेकीला पोटाशी धरून रडली, नणंदेकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. बाहेर पायरीवर वैजनाथ थांबला.

“भाऊबीजेला यिऊ नगं. आमी फडावर असू. आन नसलो तरी यिऊ नगं.”

तो गेला. त्याची पाठ कोपऱ्यावर दिसेनाशी होईपर्यंत ती उभी राहिली. आज आपलं माहेर संपलं, हे तिला नीट कळलं, आणि केलं ते पुन्हा केलं असतं हेही कळलं. दोन्ही गोष्टींनी सारखंच दुखलं.

रिक्षात दिशा एका कडेला अंग चोरून बसली होती. ती आभार मानेल असं सुकन्येला वाटलं नव्हतं, आणि तिने मानलेही नाहीत. केडगावचं घर आलं. दिशाने दोन्ही खोल्या पाहिल्या. पुस्तकं, एक खुर्ची, एक ताट, एक पेला. मग दारातच उभी राहून तिने विचारलं,

“आत्या, तू कामावरून कव्हा येतीस?”

“आठ वाजतात.”

“मंग शाळा सुटल्यावर तवर मी कुनापाशी ऱ्हायचं?”

सुकन्येच्या निबंधाच्या शेवटी ‘शिफारशी’ असा भाग होता. वसतिगृहं व्हावीत, शाळांनी लक्ष द्यावं, शासनाने योजना आखावी. या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठेच नव्हतं आणि चार हजार वाचणाऱ्यांपैकी कुणीही ते तिला विचारलं नव्हतं.

“माझ्यापाशी,” ती म्हणाली. “तू यायच्या आधी मी घरी असन. रोज.”

त्याच आठवड्यात तालुक्यातून टोळ्या निघाल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत भांडी, शेळ्या, तान्ही पोरं भरून माणसं ऊस तोडायला गेली, आणि गावोगाव कुलपं लागली. ज्या पोरी मागे राहिल्या त्यांनीही हेच विचारलं असेल, मी कुनापाशी ऱ्हायचं? बहुतेकींना उत्तर म्हणून नवरा मिळाला. त्या लग्नांत आपण अक्षता टाकून, जेवून, आहेर देऊन घरी आलो.