नावाड्याचं वजन

सिस्टरने फासा टाकला आणि वकिलांचा साक्षीदार जागच्या जागी मेला.

चष्म्यांच्या दुकानातल्या काचेच्या टेबलावर वीस बाजूंचा फासा गिरकी घेऊन थांबला. वर वीसच. त्याच्यापुढे अपील नाही. ज्या हुजऱ्याला बोलतं करण्यासाठी वकील जेवणानंतरपासून घसा कोरडा करत होते, तो तोंड उघडणार, तोच सिस्टरच्या तलवारीने त्याचं तोंड धडापासून वेगळं केलं.

“अहो बाई, तो सांगतच होता!”

“सांगतच होता नुसता. वॉर्डात आठवडाभर मी ऐकूनच घेते. इथं तरी एखाद्याला गप्प करू द्या.”

“साक्षीदार मारायचा नसतो!”

“नियमात तसं कुठं नाही,” मास्तर म्हणाले. ते शाळेत गणित शिकवायचे आणि खेळाचे नियम त्यांना पाढ्यांसारखे पाठ होते. “पण अंधारात वार केला तर दोन गुण वजा होतात. मी मघापासून तेच म्हण—”

“तुमचे दोन गुण घाला खिशात.”

तिघांनीही एकदमच टेबलाच्या चौथ्या बाजूला पाहिलं. तिथं चष्मेवाले काका बसले होते. खेळाचे सूत्रधार तेच. राजा, चोर, राक्षस, राक्षसाची सासू, सगळ्यांचे आवाज तेच काढायचे आणि समोर काय दिसतंय ते सांगून झालं की विचारायचे, “आता तुम्ही काय करता?” आताही त्यांनी तेच विचारलं, जरा घाईने.

“मी घरी जातो,” वकील म्हणाले.

हा खेळ आणला काकांच्या पुतण्याने. तेव्हा सूत्रधार तो होता आणि खेळणारे एकटे काका. माणसं दोनच, पण गलका असा व्हायचा की शेजारचा शिंपी लग्नघर समजून कपडे शिवायचे आहेत का विचारून गेला होता. मग पुतण्याला समुद्रापलीकडे नोकरी लागली. तो फासे ठेवून गेला. काकांनी दुकानाच्या काचेवर चिठ्ठी डकवली: ‘गोष्ट खेळायला माणसं हवीत. चष्मा घेतलाच पाहिजे असं नाही.’ तिघं आले. चष्मा कुणीच घेतला नाही. सूत्रधार कोण, यावर वादही झाला नाही. ज्या माणसाने अर्ध्या गावाला ‘ही फ्रेम तुम्हाला फार शोभते’ असं डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं, त्याच्याइतका सराईत थापाड्या दुसरा आणायचा कुठून?

रविवारी दुकान बंद असे. काका मागच्याच खोलीत राहत, एकटे. बाकीच्या दिवसांत त्यांचं लोकांशी होणारं बोलणं म्हणजे ‘खालची ओळ दिसते का?’ आणि लोकांचं उत्तर म्हणजे ‘नाही.’

वकील दारात बूट चढवत होते. काका त्यांच्यामागे जाऊन उभे राहिले.

“राग मानू नका काका, पण मजा येत नाही. मला बोलायचंय, यांना बडवायचंय, मास्तरांना गणितं सोडवायचीत. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत म्हणतात, इथं तीन आहेत. पुढच्या रविवारी येतो, पण जमलं नाही तर तेवढंच शेवटचं.”

“जमवतो मी.”

“आणि तो नावाडी काढून टाका बुवा. दर वेळी नदी आणि दर वेळी त्याच्या चौकशा. कुठं निघालात, तिकडे काय आहे, परत कधी येणार. नुसता वेळ जातो.”

काकांनी वकिलांच्या बुटाची सुटलेली नाडी दाखवली. वकिलांनी ती बांधली.

“काढतो,” काका म्हणाले.

“बरं, येतो आम्ही.”

तिघं गेल्यावर काका आवराआवर करायला बसले. डोळे तपासायच्या जुन्या तक्त्याच्या पाठीवर त्यांनी नकाशा काढला होता. मधून नदी वाहत होती. सोंगट्या म्हणजे सिस्टरचं लाल बटण, मास्तरांचा खडूचा तुकडा आणि वकिलांच्या पेनाचं टोपण. तिन्ही त्यांनी चष्म्याच्या एका जुन्या घरात ठेवल्या. चौथी सोंगटी नकाशावरच राहायची. चष्म्याची नाकावर टेकते ती इवलीशी पारदर्शक गादी. नीट पाहिलं तरच दिसे, आणि नीट कुणी पाहत नसे. पुतण्याबरोबर खेळताना ती काकांची सोंगटी होती. नावाडी म्हणजे काकाच. सूत्रधाराला स्वतःची सोंगटी खेळता येत नाही, म्हणून त्यांनी ती नदीच्या अलीकडच्या काठावर ठेवून दिली होती. दर रविवारी मंडळी तिथं येऊन म्हणत, “आम्हाला पलीकडे सोड.” नावाडी सोडायचा आणि रिकामी नाव घेऊन परत यायचा. त्या परतीसाठी कुणी फासा टाकत नसे. रविवार संपल्यावर काकाच ती गादी बोटाने अलीकडे सरकवत. आजही त्यांनी ती सरकवली.

आठवडाभर ते विचार करत राहिले. एका डोळ्याला जवळचं दिसत नाही, दुसऱ्याला लांबचं, म्हणून कुणी दोन चष्मे लावून हिंडत नाही. चौकट एकच ठेवायची, काचा वेगवेगळ्या घालायच्या. गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची चौकट चढवून ते काचा बदलत होते, आणि “पहिली बरी की दुसरी?” म्हणता म्हणता त्यांच्या तोंडून निघून गेलं, “की सुसर बरी?”

गिऱ्हाईक जरा विचार करून म्हणालं, “पहिलीच बरी.”

रविवारी नाव ऐन प्रवाहात आली आणि सुसरीने ती जबड्यात धरली. सुसर म्हणजे किती मोठी? तिच्या पाठीवर झाडं उगवली होती आणि त्या झाडांवर गेली दोन वर्षं एक माकड संसार करून होतं. सिस्टरचे डोळे लकाकले. जबडा रेटून धरायचा तर जोर तिचाच हवा. जबडा उघडा तोवरच सुसर बोलणार, म्हणजे उलटतपासणी वकिलांची. आणि ती सांगेल त्या आकड्यांवरून मास्तरांनी नावेला सुसरीच्या गळ्याशी जखडणाऱ्या साखळीचं कुलूप उघडायचं.

“सुसरबाई, तुझी पाठ किती मऊ,” वकिलांनी सुरुवात केली.

“लवकर विचारा हो, माझे हात भरून आले!”

“मला आकडे द्या, पाठ मऊ की खरखरीत ते नंतर बघा!” मास्तर चक्क उभे राहिले होते.

कुलूप उघडलं. सिस्टरने सुसरीच्या नाकाडावर शेवटचा गुद्दा हाणला आणि वकिलांनी तिला टाळी दिली. साक्षीदार जिवंत ठेवल्याबद्दल.

काका त्यांचं हसणं जरा वेळ ऐकत राहिले. मग उरलेलं काम हातावेगळं करायला त्यांनी पाण्याचा पेला बाजूला ठेवला.

“नावेला भोक पडलंय,” ते म्हणाले. “पाणी चढतंय. इतकं वजन पेलणार नाही, एक माणूस जास्त आहे. नावाडी वल्हं खाली ठेवतो आणि उभा राहतो. म्हणतो, तुम्ही व्हा पुढे. माझं काय, मला इथलीच सवय आहे.”

नावाड्याचा आवाज नेहमी घोगरा असायचा. आज काका तो काढायचा विसरले.

 बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

“आता तुम्ही काय करता?” काकांनी विचारलं.

“त्याला पोहता येतं का?” सिस्टर म्हणाली.

“नावाडीच तो.”

“म्हणूनच विचारतेय. माझ्याकडे आणतात ते बुडालेले सगळे पट्टीचे पोहणारे असतात.” तिने लाल बटणाकडे पाहिलं. “माझं चिलखत किती भरेल हो मास्तर? लोखंडी आहे.”

“त्याने भागणार नाही.” मास्तरांनी बोटांवर काहीतरी मोजलं. “माझी पोलादी तिजोरी धरली तर... पण तिचं कोडं अजून सुटलेलं नाही.” ते थांबले. “असू दे. टाका.”

“तरी थोडं कमीच पडतंय,” काका हळूच म्हणाले. “तो उतरला की सगळ्यांचीच सोय होते.”

वकिलांनी घसा खाकरला.

“माझी हरकत आहे.” ते टेबलाकडे बघत होते. तक्त्यावर वाकून, चष्मा कपाळावर सरकवून, त्यांनी ती पारदर्शक गादी शोधून काढली. “माझी पुराव्यांची पेटी टाका पाण्यात. आपण चौघं पलीकडे जातोय.”

काकांचं बोट नकाशावर तसंच राहिलं.

“काय म्हणालात?”

“पेटी टाका म्हणालो.”

“त्याच्यानंतर.”

“आपण चौघं जातोय. का, त्यात काय चुकलं?”

“नाही. काही नाही.”

“मग एक नियम आहे,” मास्तर म्हणाले. “सोबत न्यायचा तर सोबत्याला नाव लागतं.”

“नावाड्याला नाव असतेच की,” काका म्हणाले. “एक आहे. गळकी.”

सिस्टर इतकी हसली की टेबलावरचे फासे हलले. मग तिने वीस बाजूंचा फासा उचलला आणि काकांच्या तळहातावर ठेवला.

“टाका. पोहोचतोय का बघू.”

काकांनी टाकला. फासा टेबलावरून घसरून कपाटाखाली गेला. वाकून बघायला कुणीच उठलं नाही.

“पोहोचलो,” वकील म्हणाले आणि बूट शोधायला लागले.

ऊन टेबलावरून उतरलं होतं. सगळे गेल्यावर काका नावाड्याला परत आणायला नकाशावर वाकले. अलीकडच्या काठावर गादी नव्हती. पलीकडेही नव्हती. त्यांनी तक्ता झटकला, जमिनीवर गुडघे टेकून पाहिलं, हात घालून कपाटाखालचा फासा काढला. गादी तिथंही नव्हती. मग बाकीच्या तीन सोंगट्याही नकाशावर नाहीत हे दिसलं, तेव्हा त्यांनी कुणीतरी आधीच मिटवून ठेवलेलं चष्म्याचं घर उघडलं. बटण होतं. खडू होता. टोपण होतं. आणि त्यांच्यामध्ये, नीट पाहिलं तरच दिसेल अशी, ती बसली होती.

काकांनी घर मिटवलं. मग पुन्हा उघडून पाहिलं, आणि मिटवलं.