आतून आलेला खोकला

मी कुलूप बोलतोय. पितळी, सात लिव्हरचा, अंगाने थोराड. कारखान्यातून निघालो तेव्हा छाती फुगली होती, आता कुणाचं तरी घर राखणार! पण पडलो शेठच्या हाती.

शेठला एक अख्खी इमारत रिकामी करून हवी होती. भाडेकरू कामाला गेले की त्याचा माणूस, पैलवान, मला त्यांच्या कडीत अडकवायचा. दमूनभागून आलेली माणसं स्वतःच्याच दाराबाहेर उभी! खोली सोडल्याच्या कागदावर सही केली की मी उघडायचो, तोही सामान काढण्यापुरता.

"मी काय करू? वरून हुकूम आहे," पैलवान म्हणायचा. मीही मनाशी तेच म्हणायचो. एकदा शाळेतून आलेल्या दोन वेण्यांच्या पोरीने रडत रडत मला दोन्ही हातांनी ओढलं. मला फार लाज वाटली, पण कडी काही मी सोडली नाही.

मग एका दुपारी शिवणकाम करणाऱ्या बाईच्या दाराला मला लावलं. पैलवान वळला, तोच आतून खोकला आला.

"सूनबाई, आलीस का गं? घोटभर पाणी दे."

अंथरुणाला खिळलेला तिचा सासरा! पैलवान जागीच थिजला. खालून शेठ ओरडला, "झालं का रे?"

आमचं ते नेहमीचं वाक्य दोघांच्याही तोंडून फुटेना. पैलवानाने किल्ली फिरवली. आयुष्यात इतक्या चटकन मी कधी उघडलो नव्हतो. त्याने म्हाताऱ्याला पाणी पाजलं आणि जिन्यात येऊन सांगितलं, "नाही झालं. आता होणारही नाही."

मला किल्लीसकट बाईच्या हवाली करून तो थेट चौकीत गेला. स्वतःचंही काही लपवलं नाही. शेठचा डाव तिथेच मोडला. पैलवानालाही सहा महिने आत काढावे लागले. तिथलं कुलूप कसं होतं, कोण जाणे.

आता मी सुखात आहे. बाई रात्री झोपताना मला आतल्या कडीला लावते, महिन्याकाठी शिलाई मशीनचं थेंबभर तेल पाजते. पैलवान लाकडाच्या वखारीत ओझी उचलतो. सदऱ्याचं बटण तुटलं की इथे येतो आणि उघड्या दाराचीही कडी वाजवतो.

"वहिनी, येऊ का?"

"अहो, दार उघडंच आहे की!"

"असू दे. विचारलेलं बरं."

एवढंच मनाला लागून राहिलंय, की ती दोन वेण्यांची पोर कुठे राहायला गेली ते कळलं नाही. तुम्हाला कुठे भेटली, तर तिला सांगा, ते कुलूप म्हणतंय, माझं चुकलं.