झिलेची जागा

येडबानं घोंगडं चावडीच्या खालच्या पायरीवर अंथरलं आणि खोक्याकडे पाठ करून तो बसला. सारं गाव खोक्याकडे तोंड करून बसलेलं, आणि हा एकटा समोरच्या लिंबाकडे बघत. बाजारभाव कळले की उठणार, असं त्यानं घरून निघताना बायकोला सांगितलं होतं. भिवराबाईनं काही विचारलं नव्हतं. साठीला टेकलेला माणूस कुणी न विचारता खुलासा द्यायला लागला की आपण गप्प राहावं, एवढं तिला संसारात कळून चुकलं होतं.

खोकं म्हणजे रेडिओ. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याला दोन वर्षं होत आली होती, आणि त्यातून वाडीला मिळालेली, डोळ्यांना दिसणारी वस्तू एवढीच. चुडाव्याच्या स्टेशनावर तो आगगाडीतून उतरला आणि दत्तरावांच्या बैलगाडीत कडब्याच्या गादीवर बसून नवरदेवासारखा गावात आला. चावडीवर दोन बांबूंना तार ताणली गेली, खोक्याला लाकडी कपाट झालं, कपाटाला कुलूप लागलं आणि किल्ली शाळेच्या दिनकरराव गुरुजींच्या कमरेला गेली.

पहिल्या दिवशी सनई वाजली, तेव्हा गावातली सगळ्यात म्हातारी कडूबाई डोईवरचा पदर सारखा करून उठून उभी राहिली होती. लग्न कुणाचं ते कळेना, पण सनई वाजल्यावर बसून राहायचं कसं? पुढं एका संध्याकाळी कुठलीशी बाई एकच शब्द घेऊन अर्धी घटका गात राहिली. तो शब्द तिनं कितीदा म्हटला ते कुणी मोजलं नाही, पण ती थांबली तेव्हा तंबाखू मळायला घेतलेले हात तसेच राहिले होते. गावचे मोठे शेतकरी दत्तराव हिशोबी माणूस. नाटकाला तिकीट असतं, तमाशाला पट्टी असते, मग ह्याचं कोण देतंय, असं त्यांनी गुरुजींना विचारलं. कुणी देत नाही, गुरुजी म्हणाले, ज्याला कान आहेत त्याच्यासाठी लावलंय. दत्तरावांना ते खरं वाटायला महिना लागला.

येडबा मात्र त्या बाईच्या गाण्यानंतर रात्रभर जागा होता. मेंढरं घेऊन तो लिंबाआड उभा राहून ऐकत असे, कुणाला दिसू नये असा. बाकीच्यांना खोक्याचं नवल वाटे, ह्याला गळ्याचं वाटे. गळ्याला काय कष्ट पडतात ते ज्यानं स्वतःच्या गळ्यानं सोसलंय, तोच असा हबकतो. एवढा लांबचा सूर, मध्ये डोंगर, नद्या, आणि तरी त्या बाईनं घेतलेला श्वास ह्याच्या कानाशी येत होता. देवानंच हे केलं असावं आणि सरकारनं नुसतं खोकं दिलं असावं, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती.

पण आज तो नवल ऐकायला आला नव्हता. आज साडेसहाला बाजारभाव संपले की खोक्यातून मुंजाजीची धनगरी ओवी येणार होती.

मुंजाजी म्हणजे भिवराबाईचा पाठचा भाऊ, येडबाचा मेव्हणा. ओवी म्हणावी तर त्यानंच, असं गंगाखेडपासून पाथरीपर्यंत धनगरांच्या तांड्यांत बोललं जाई. आणि त्याच्या मागं झील धरावी तर येडबानंच. तीस वर्षं दोघं एका घोंगड्यावर उभे राहिले होते. मुंजाजीनं ओळ सोडली की येडबानं तिचा शेवटचा शब्द वरच्या वर झेलायचा, आणि मेव्हणा दम घेईस्तोवर तो नुसता धरून न ठेवता हळूहळू वर चढवत न्यायचा. मग मुंजाजीची पुढची ओळ तिथून सुरू व्हायची, त्या उंचीवरून. असं करत करत ओवी माळावरून आभाळाला लागायची. ऐकणारे मुंजाजीला वाहवा देत आणि येडबाला पाणी देत. येडबाला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

तीन वर्षांमागं बिरोबाच्या जत्रेत एका परगावच्या म्हाताऱ्यानं उलटं केलं. निम्मी ओवी तर हा झीलकरीच म्हणतोय, असं तो भर बैठकीत बोलून गेला. मुंजाजीला ते झोंबलं. तो हसत हसत बोलला, पण बोलला.

"झील काय, आडात वरडलं तर आडबी देतोय."

बैठक खो-खो हसली. येडबानं घोंगडं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि तो चालू लागला. तेव्हापासून त्यानं तोंडातून सूर काढला नव्हता, की मेव्हण्याशी शब्द बोलला नव्हता. गावच्या आडावर मुंजाजी दिसला की तो मेंढरं तहानलेली परत फिरवी. मधल्यामधे भिवराबाईचं माहेर आणि सासर एकाच गावात असून तुटलं. ती दिवाळीला भावाला ओवाळायला जाई आणि आल्यावर नवऱ्याला जेवायला वाढी, पण दोन्हीकडं तिच्या डोळ्यांना पाणी येई आणि दोन्हीकडं ती धुराचं निमित्त सांगे.

दोन महिन्यांमागं रेडिओचे साहेब गंगाखेडच्या डाक बंगल्यात यंत्र घेऊन उतरले. गावोगावची गाणी ते फितीवर भरून नेत होते. मुंजाजीला बोलावणं आलं. त्याचा मुलगा चंद्रभान, जो ढोल वाजवतो, तो भल्या सकाळी येडबाच्या दारात उभा राहिला होता.

"मामा, आबा म्हनायलेत, संगं चला."

"आडाला घिऊन जा म्हनावं," येडबा म्हणाला आणि लोकर कातरत राहिला.

बोलताना त्याला फार बरं वाटलं होतं. मग गावात बातमी आली की साहेबांबरोबर त्यांची गाणारी माणसं असतात आणि ती एकदा ऐकून कुणाचीही झील हुबेहूब धरतात. त्या दिवसापासून येडबाची झोप उडाली. मुंजाजी गेला, गायला, त्याचं काही नव्हतं. पण आपल्या जागेवर कुणी उभं राहिलं असेल, आणि चांगलं उभं राहिलं असेल, तर मेव्हण्याचंच बोलणं खरं ठरत होतं. मग आपण तीस वर्षं आडच होतो. हे कळून घ्यायलाच तो आज आला होता, आणि तोंड लिंबाकडे करून बसला होता.

सरकीचा भाव झाला, तुरीचा झाला. दत्तरावांनी मान हलवली. येडबा उठला नाही. बायकांच्या बाजूला बसलेल्या भिवराबाईनं ते पाहिलं आणि नजर खाली घेतली. मुंजाजी स्वतः आला नव्हता. त्याची मेंढरं दत्तरावांच्या वावरात बसवली होती आणि तिन्हीसांजेला मेंढरांचं खांड सोडून स्वतःचं गाणं ऐकायला यायला तो काही अमीर-उमराव नव्हता. चंद्रभानही बापाबरोबर तिकडंच होता.

ढोलावर थाप पडली. आपल्याच गावचा ढोल, सगळ्यांनी हजारदा ऐकलेला, पण कपाटातून आला तेव्हा अंगावर काटा उभा राहिला. आणि मग मुंजाजीचा आवाज आला.

"उगवतीच्या अंगाला देव उभा माळावर..."

कुणीतरी श्वास आत ओढल्याचं ऐकू आलं. बायकांनी तोंडाला पदर लावले. येडबाची मान ताठ झाली. आता. आता तो परका येणार. त्यानं घोंगड्याचं टोक मुठीत आवळलं.

ढोलाच्या सहा थापा पडल्या. नुसत्या थापा. कुणी आलं नाही.

"एक कोकरू मागं राहिलं, रात झाली माळावर..."

येडबानं तोंड अर्धवट उघडलं आणि मिटलं. मुंजाजीनं ही ओळ खालून सुरू केली नव्हती. तो वरून आला होता. बरोबर तितक्या वरून, जिथं येडबानं त्याला नेऊन सोडलं असतं. एक बोट खाली नाही, एक बोट वर नाही. पुन्हा ढोलाच्या सहा थापा मोकळ्या गेल्या.

"घाई करायलाय मुंजाजी," दत्तराव हळूच म्हणाले.

"घाई न्हाई," कडूबाई म्हणाली. "मधलं कायतरी पडायलंय."

येडबाला काय पडतंय ते दिसत होतं. दोन महिन्यांमागं डाक बंगल्याच्या बंद खोलीत, यंत्रासमोर, मेव्हणा ओळ सोडून थांबला होता आणि कानात त्याला झील ऐकू येत होती. ह्याचीच. ती जिथवर चढे तिथवर चढू देऊन मगच तो पुढची ओळ घेत होता. साहेबांची गाणारी माणसं समोर असतील, नसतील, त्यानं कुणाला त्या जागेवर उभं केलं नव्हतं. जागा झाडून मोकळी ठेवली होती. येडबाला रडू येईल असं वाटलं, आणि इतक्या लोकांत ते बरं दिसलं नसतं, म्हणून तो उठून उभा राहिला आणि पहिल्यांदा खोक्याकडे वळला.

"देवानं घोंगडं टाकलं, कोकरू झाकलं माळावर..."

थाप पडली. आणि येडबाच्या तोंडून झील निघाली. ठरवून नाही. तीन वर्षं न वापरलेला गळा, आधी खरखरला, कुलपात किल्ली अडकावी तसा, आणि मग मोकळा झाला.

"माळावर... गा माळावर..."

त्यानं तो शब्द धरला, वर चढवला, आणखी वर, सहाव्या थापेला अलगद सोडला.

"कोकराची हाक आली, आई धावली माळावर..."

तिथूनच. त्याच उंचीवरून, त्यानं सोडला त्याच श्वासावर मुंजाजीनं उचलला. दोन महिन्यांमागचा माणूस आणि आजचा माणूस एका घोंगड्यावर उभे राहिल्यासारखी ओवी चालली. गुरुजींचा कपाटावरचा हात तिथंच राहिला. लिंबावर परतलेल्या पाखरांचा कालवा तेवढा चालू होता. येडबानं शेवटची झीलही दिली आणि ढोल थांबेस्तोवर लांबवली.

मग खोक्यातला तो नेहमीचा गोड, शुद्ध बोलणारा माणूस म्हणाला, "आपण धनगरी ओवी ऐकलीत. गायक, मुंजाजी. ढोल, चंद्रभान. झील, येडबा."

चावडीत काय झालं ते सांगणं अवघड आहे. कडूबाईनं गुडघ्यांवर हात देत उठून खोक्यापुढं जमिनीला डोकं टेकलं.

"ऐकलं बाई त्यानं," ती म्हणाली. "ह्यानं हितं म्हनलं, अन् त्यानं तिकडं ऐकलं. नाव घेतलं."

तिच्यामागं आणखी चार बाया वाकल्या. दत्तरावांसारख्या हिशोबी माणसानंही टोपी सारखी केली. येडबाकडं सगळे असे बघू लागले की त्याला आपला सदरा फाटलाय की काय असं वाटलं. गुरुजी परोपरीनं सांगू लागले की खोक्याला कान नसतात, हे सगळं फितीवर आधीच भरलेलं असतं, आज फक्त वाजवलं. पण आपल्या कानांनी ऐकलेलं सोडून गुरुजींचं कोण ऐकणार? ती गोष्ट गावात पुढं किती वर्षं तशीच सांगितली गेली.

गर्दी पांगायला लागल्यावर येडबा कपाटापाशी गेला. आवाज बसला होता.

"गुरुजी, ही नावं कवा लिहून घेत्यात?"

"ओवी भरली त्याच दिवशी," गुरुजी कुलूप लावता लावता म्हणाले. "गाणारा सांगतो तशी. कागदावर असतं ते हा वाचतो." मग थांबून त्यांनी विचारलं, "पण तुम्ही तर गंगाखेडला गेला नव्हता ना?"

येडबानं मान हलवली. हो की नाही, ते गुरुजींना कळलं नाही.

त्याच दिवशी. सकाळी ह्यानं दारातून आडाला न्यायला सांगितलं होतं, आणि तो निरोप ऐकून मेव्हणा गेला होता, आणि दिवस कलायच्या आत साहेबाला त्यानं ह्याचं नाव लिहायला सांगितलं होतं. येडबाला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला, आणि दोन्ही एकदम झाल्यामुळं त्याला घोंगडं खांद्यावर धड टाकता येईना. भिवराबाईनं ते त्याच्या हातातून घेतलं.

दोघं घराकडं निघाले. आभाळात अजून उजेड होता. आड लागला, तसा येडबा थांबला. तीन वर्षं ज्या आडावरून तो मेव्हणा दिसला की परत फिरे, त्याच्या काठावर हात टेकून तो वाकला आणि आत बोलला.

"माळावर..."

माळावर, आड म्हणाला.

येडबानं कान देऊन वाट पाहिली. आडानं जेवढं दिलं तेवढंच परत केलं आणि तो गप्प झाला.

"ह्याला वर चढवता येत न्हाई," येडबा म्हणाला.

भिवराबाई हसली. किती दिवसांनी हसली ते त्याला आठवेना. दोघं थोडं चालून गेले. मग येडबानं रस्त्याकडं बघतच विचारलं,

"तुज्या भावाचं खांड आज कुठल्या अंगाला बसलंय?"

"वढ्याच्या पल्याड, दत्तरावाच्या वावरात."

"भाकरी बांध. तिघांच्या."

"बांधल्यात," भिवराबाई म्हणाली.